उष्टा लगाम

मित्रांनो, मी लगाम आहे. जुना, गंजलेला आणि काटेरी. माझी गोष्ट ऐकायला बसण्याआधी हात मागे घ्या. हात लावावा असं माझ्यात काही नाही. सध्या मी वालूरच्या एका नालीत पडून आहे. अंगावरून साबणाचं पाणी, शिळा भात आणि लग्नातल्या फाटक्या पत्रावळी वाहत असतात. तुम्ही नाक मुरडाल. मुरडा. पण मी आधी कुठे राहत होतो ते कळलं, की ही नाली तुम्हाला बरी वाटेल.

लगाम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चामड्याचे पट्टे, रंगीत गोंडे, घुंगरं येत असतील. ते सगळं बाहेरचं. मी आतला. घोड्याच्या जिभेवर जी लोखंडी दांडी आडवी बसते, ती म्हणजे मी. साधी दांडी गुळगुळीत असते. माझ्या अंगावर मात्र बारीक काटे आहेत. ज्या लोहाराने मला घडवलं त्याने कानस घेऊन एकेक काटा टोकदार केला. तपासायला अंगठा फिरवला तर त्याच्याच अंगठ्यातून रक्त आलं. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "झकास झालाय."

अशा लगामाला कायद्याने बंदी आहे. ते विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. म्हणून यात्रेतल्या त्याच्या दुकानात घुंगरं सतरंजीच्या वर मांडलेली होती आणि मी सतरंजीच्या खाली होतो. "जरा खालचा माल दाखवा की," असं म्हणत एका माणसाने मला मागून घेतलं. तो बजरंग, वालूरचा. वरातींना घोडी पुरवायचा त्याचा धंदा. त्याच्या शेडमध्ये शेवंती नावाची पांढरी घोडी होती. तिचं तोंड हे माझं घर झालं.

पहिल्या दिवशी तिच्या तोंडाला हिरव्या घासाची चव होती. गोडसर, ओली. मला ती आवडली होती, हे कबूल करतो. मग बजरंगने माझ्या टोकाला बांधलेली चामड्याची वादी झटकली आणि ती चव पुन्हा कधी आली नाही. त्यानंतर चार वर्षं रक्त, लाळ, कुजका चारा आणि न भरलेल्या जखमेचा वास. बजरंग मला कधी धुवायचा नाही. वरात संपली की खुंटीला टांगायचा. माझ्यावर माशा बसायच्या आणि पुढच्या लग्नाला मी तसाच खरकटा परत तिच्या तोंडात जायचो.

मित्रांनो, वरातीत नाचणारी घोडी तुम्ही पाहिली असेल. टाळ्याही वाजवल्या असतील. आता खरं ऐका. शेवंतीला नाचायचं नव्हतं. बजरंग डावीकडून वादी ओढायचा, माझे काटे जिभेत रुतायचे आणि ती मान वर टाकायची. मग तो उजवीकडून ओढायचा आणि ती पाय उचलायची. बँडचा ताल चालू असायचा, म्हणून लोकांना वाटायचं की घोडीने ताल धरलाय.

"काय नाचायलीय राव! जीव ओतायलीय!" असं कुणीतरी हमखास म्हणायचं. गुटख्याने भरलेलं तोंड तिच्या कानाशी आणून शिट्टी मारायचं. कुणी कोल्ड्रिंकची बाटली तिच्या ओठांत खुपसायचं. आणि तिच्या तोंडाचा फेस लाल दिसायला लागला, की बजरंग गुलालाची मूठ तिच्या तोंडावर मारायचा. मग रक्त कुठलं आणि गुलाल कुठला हे कुणाला कळायचं नाही. मला किळस यायची. लोकांची यायची, बजरंगची यायची आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची यायची, कारण रुतायचं काम मीच करत होतो.

एकदा सोनपेठला एका वरातीत शेवंतीने नवरदेवाला पाडलं. त्याचं मनगट मोडलं. लोकांनी तिला काठ्यांनी मारलं. त्यानंतर माणसाचा हात दिसला की ती दात विचकायची, भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पाठीवर कुणाला बसू द्यायची नाही. बजरंगने गोदाकाठच्या एका वीटभट्टीवाल्याशी बोलणं केलं. भट्टीवर गेलेलं जनावर फार दिवस टिकत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

त्याची आई बायनाबाई आडवी आली. "बजरंगा, लेकरासारखी वाढिवली तिला. चारठाण्याच्या चाबूकस्वाराला एकदा बलाव. त्येनं न्हाई म्हनलं, मग दे तुज्या भट्टीला."

चाबूकस्वार म्हणजे घोडे शिकवणारा माणूस. बायनाबाईच्या सांगण्यावरून आले ते आश्रुबा. त्यांचे आजोबा निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, तेच काम करायचे, म्हणून घराण्याला तेच आडनाव लागलं. आश्रुबा स्वतः एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर आजोबांची विद्या पुन्हा हातात घेतली. माणूस ख्रिस्ती. बायनाबाईला "सलाम, बाई" म्हणाले, पिशवी खाली ठेवली आणि शेडकडे बघत उभे राहिले.

बजरंगने अट सांगितली. महिनाभराने गावातल्या दिनकररावांच्या मुलाची, रामची, वरात होती. त्या वरातीत शेवंती नीट चालली तर राहील. नाही चालली तर दुसऱ्या दिवशी भट्टीचा टेम्पो येईल.

"पन तुमचा चाबूक कुठाय, मामा?" बजरंगने विचारलं.

"नावात हाय की. तेवढा बास हाय," आश्रुबा म्हणाले.

चार दिवस त्यांनी काय केलं म्हणाल, तर काहीच नाही. शेडच्या अंगणात शेवंतीला मोकळं सोडलं आणि तिच्याकडे पाठ करून पोत्यावर बसले. तिथेच भाकरी खायचे, तिथेच कसलंसं गाणं गुणगुणायचे. शेवंतीने एक पाऊल त्यांच्याकडे टाकलं की हे उठून लांब जायचे. मी खुंटीवरून बघत होतो आणि मला या म्हाताऱ्याचा राग येत होता. इतके दिवस रक्त चाखल्यावर असला सोज्वळपणा सहन होत नाही.

बजरंगलाही होत नव्हता. "मामा, घोडी शिकवायलाव का ऊन खायलाव? ती जवळ यायली की तुमीच पळायलाव!"

"ती आली की मी तिचा पिच्छा सोडायलो. तिला कळू द्या की न्हाई म्हनायचा हक तिला बी हाय. ज्याला न्हाई म्हनता येतं, त्याच्याच हो ला किंमत असती, बजरंगराव."

"आई, बग, ह्यो मानूस घोडीला किरिस्ताव करून सोडतोय!"

"घोडीला धरम नसतो," आश्रुबा शांतपणे म्हणाले. "तोंड असतं. बरं, तिच्या तोंडात काय घालत व्हता ते दाखवा जरा."

बजरंगने मला खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिलं. आश्रुबांनी मला उलटसुलट पाहिलं. हापशावर नेऊन धुतलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यावरचं खरकटं निघालं. मला वाटलं, आता हा मला फेकणार. पण त्यांनी काय केलं ते ऐका. त्यांनी तोंड उघडलं, मला आपल्या जिभेवर आडवं ठेवलं, दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी माझ्या वाद्या मागे ओढल्या.

मी कापलं. मला दुसरं काही येतच नाही. त्यांच्या जिभेतून आणि ओठातून रक्त आलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी लगेच सोडलं नाही. मला लाज वाटली, मित्रांनो. आजवर माझ्यासाठी तोंड उघडलं ते जबरदस्तीनेच; स्वतःहून उघडलेलं हे पहिलंच.

बायनाबाई दारातून ओरडल्या. "आगं बाई! घोडीचं उष्टं तोंडात घातलं का हो आश्रुबाभाऊ? घान वाटंना का तुमाला?"

आश्रुबांनी मला बाहेर काढलं. बोलताना त्यांची जीभ अडखळत होती. "वाटली की. लय घान वाटली. पन हिला चार वर्सं कसं वाटलं आसंल, ते लांबून कसं कळावं? आमच्या देवाची गोष्ट बी एवढीच हाय, बाई. त्येनं वरून लगाम वढला न्हाई. खाली आला. मानसाच्या तोंडात जे कडू व्हतं ते आपल्या तोंडात घेतलं. मानसाचं उष्टं खाल्लं त्येनं."

बायनाबाई दारातून पुढे आल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं बी देवानं भिलनीची उष्टी बोरं खाल्लीच की." आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

बजरंग मात्र लांब थुंकला. "शी! हे काय मानसाचं काम हाय?" त्या दिवशी तो जेवायला बसला तरी तोंड वाकडंच होतं.

पण खरी गोष्ट त्यानंतर झाली. आश्रुबा पुन्हा पोत्यावर पाठ करून बसले. शेवंती हळूहळू आली. या वेळी ते उठले नाहीत. तिने त्यांच्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि त्यांच्या फाटलेल्या ओठाचा वास घेतला. बराच वेळ घेतला. त्या रक्ताला माझाच वास होता, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? मग तिने आपलं ओझ्यासारखं जड डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं.

तिथून काम पुढे सरकलं. आश्रुबांनी दोरीची साधी म्होरकी वळली. म्होरकी नाकावरून आणि गालावरून जाते, तोंडात काही जात नाही. दोरी कधी ताणली नाही. ती थांबली की तेही थांबायचे. मग आवाजाची सवय. आधी लांब पत्र्याच्या डब्यात खडे वाजवले, ती चारा खाताना. मग थोडं जवळ. मग बायनाबाईंच्या मोबाइलवर बँड. शेवंती कान टवकारायची, आश्रुबांकडे बघायची आणि पुन्हा चरायला लागायची.

"आमचा प्रभू एकदा शिंगरावर बसून शहरात आला व्हता," त्यांनी बजरंगला सांगितलं. "गाढवाचं शिंगरू. त्याच्यावर त्याआधी कुनीच बसलं नव्हतं. रस्त्यानं ही गर्दी, लोकं वरडायलेत, झावळ्या हलवायलेत. दुसऱ्यानं पाडलं आसतं. ते गुमान चाललं. कामून चाललं आसंल, सांगा."

"कामून?"

"वर कोन बसलंय ते त्याला कळलं व्हतं."

आता ऐका बजरंगचा शहाणपणा. शनिवारी दुपारी आश्रुबा चारठाण्याला घरी गेले, कारण रविवारी त्यांची उपासना असते. शेवंती बरी झालेली दिसत होती. तेव्हा बजरंगच्या डोक्यात आलं, की घोडी आता नरम पडली आहे, तर हीच वेळ आहे तिला जुन्या नाचाची आठवण करून द्यायची. रविवारी सकाळी त्याने मला घेतलं. ती म्होरकीच्या सवयीने शांतपणे पुढे आली. त्याने तिच्या गालात बोट खुपसून तोंड उघडलं आणि मला आत सारलं.

जीभ भरत आली होती. मी ती पुन्हा फाडली. तिचा विश्वास हाच तिला पकडायचा फास झाला. इतकी घाण मी आयुष्यात दुसरी केली नाही. ती मागच्या पायांवर उभी राहिली, बजरंगला भिंतीवर आपटलं आणि कोपऱ्यात जाऊन थरथरत राहिली.

सोमवारी आश्रुबा आले, त्यांनी तिचं तोंड पाहिलं. मला वाटलं होतं, असली माणसं चिडत नाहीत. पण पायाशी बादली होती ती त्यांनी लाथेने उडवली. मग माझ्याकडे बोट करून बजरंगला म्हणाले, "माजं ऐका. इथून फुडं ज्याला हे तिच्या तोंडात घालायचंय, त्येनं आधी आपल्या तोंडात घालून बघायचं. मग खुशाल घाला. मी आडवा येनार न्हाई."

बजरंगने मान खाली घातली. पण मला फेकलं नाही. आश्रुबा पोतं घेऊन अंगणात गेले आणि शेवंतीकडे पाठ करून, पहिल्या दिवसासारखे, पुन्हा बसले. वरातीला बारा दिवस राहिले होते.

त्या बारा दिवसांत त्यांनी गमावलेलं किती परत आणलं, ते मला सांगता येत नाही. बजरंगच्या सदऱ्याच्या खिशात मी होतो. त्याने मला तिथे ठेवून दिलं होतं, अडीनडीला असावा म्हणून. देवापुढे हात जोडायचे आणि खिशात मला बाळगायचं, असली माणसं मला नवी नव्हती.

वरातीच्या दिवशी शेवंती निघाली ती म्होरकीवर. तोंड मोकळं. वर राम बसलेला, डाव्या बाजूला आश्रुबा, उजव्या बाजूला बजरंग. अर्धं गाव चालून झालं. लोक कुरकुरत होते. "घोडी नाचंना गेली! बजरंग, म्हातारी झाली का रं?" फेस पांढरा होता. मी खिशाच्या उसवलेल्या कडेतून पाहिलं, मित्रांनो. तिच्या तोंडाला पांढरा फेस मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग चौकात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ऐन तिच्या पायाशी. डीजेवाल्याने आवाज वाढवला. गर्दी मागून रेटत आली, त्या रेट्यात आश्रुबा बाजूला फेकले गेले आणि ओट्याच्या पायरीवर पडले. शेवंतीने चारही पाय फाकवले. कातडी लाटेसारखी थरथरत होती. वरून राम ओरडला, "मला उतरवा!"

"घाल की लगाम!" दिनकरराव गरजले. "पोरगं मारतोस का माझं?"

बजरंगचा हात खिशात गेला. त्याने मला बाहेर काढलं, तिच्या तोंडासमोर धरलं. मला वाटलं, झालं, आता ती मागच्या पायांवर उठणार, राम पडणार आणि उद्या टेम्पो येणार.

शेवंतीने मला पाहिलं. मग बजरंगकडे पाहिलं. तिने मान खाली केली आणि स्वतःहून तोंड उघडलं.

कुणी गालात बोट घातलं नव्हतं. रविवारी ज्या हाताने तिला फसवलं होतं, त्याच हातापुढे, नाही म्हणता येत असूनही, तिने तोंड उघडलं. आणि बजरंगला तिची जीभ दिसली. मधोमध आडवी खाच, कडेला कुरतडल्यासारखे तुकडे, नव्या जखमेवर पिवळट साय. चार वर्षं तो या तोंडात मला घालत होता, पण आत कधी बघितलं नव्हतं. त्याचा चेहरा ओकारी यावी तसा झाला. किळस, मित्रांनो. चार वर्षं मला एकट्याला येत होती ती.

"घाल की!" मागून ओरडा झाला.

बजरंगने मला घातलं, आपल्या तोंडात. भर चौकात, सगळ्या वरातीसमोर. दातांत धरलं आणि वाद्या ओढल्या. लोक हसले. "पिलाय का काय बजरंग?" माझे काटे त्याच्या जिभेत गेले. त्याच्या घशातून एक आवाज आला, तो मी ओळखला. तसाच आवाज शेवंतीच्या घशातून यायचा, बँडमध्ये कुणाला ऐकू जायचा नाही.

त्याने मला काढलं आणि सगळ्या ताकदीने नालीत फेकून दिलं. तिथून मी पुढचं पाहिलं. शेवंतीने मान पुढे करून त्याच्या ओठांचा वास घेतला. तिचे पाय सरळ झाले. बजरंग वळला आणि तिच्याकडे पाठ करून चालायला लागला. दोरी सैल होती. ती त्याच्या मागे निघाली, रामला घेऊन, फटाक्यांच्या कागदांवरून, एकेक पाऊल टाकत. आश्रुबा पायरीवर बसून चष्मा पुसत होते.

दिनकररावांनी बजरंगचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "आरं, तोंडाला गुलाल कामून लावलास?"

"गुलाल न्हाई, मालक," बजरंग म्हणाला. "रगत हाय. माजं हाय."

भट्टीचा टेम्पो आला नाही. एवढं मला नालीतून समजलं, कारण शेवंती अजून रोज सकाळी या रस्त्याने हापशावर जाते. तिच्या टापा मी ओळखतो. आता त्या कशालाही न घाबरता पडतात.

मित्रांनो, मला शोधू नका. इथे मला बरं आहे. चार वर्षांत मी कुणाला कापलेलं नाही असे हेच दिवस. पण माझी भावंडं बाजारात अजून सतरंजीखाली आहेत. काही लोखंडाची आहेत, काही नुसत्या शब्दांची आहेत. घरात, शाळेत, शेतात वापरतात ती. त्यांतलं एखादं तुमच्या हाती आलं आणि समोर कुणी मुकं तोंड असलं, तर नाक मुरडू नका. आधी ते स्वतःच्या तोंडात घालून बघा.